वडगाव आणि सालबाई

बेडशाची लेणी आणि वडगाव ही दोन्ही स्थळे एकाच मावळात, काही कोसांच्या अंतरावर आहेत. लेणी पाहावयास पुष्कळ लोक जातात. वडगावास १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांनी पत्करलेली शरणागतीही पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्या विजयाचे पुढे काय झाले, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. जगात ठिकठिकाणी तोफा धडधडत असताना त्याची आठवण करून देणे आम्हास अगत्याचे वाटते.

राघोबादादांना पुण्यात सत्तेवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून आली. मराठ्यांनी मुलूख उजाड करून रसद तोडली आणि वडगावास तिला कोंडले. साष्टीसह १७७३ पासून मिळविलेला मुलूख परत देण्याचे इंग्रजांनी कबूल केले. याहून पूर्ण विजय तो कोणता? पण सह्या करणारांस तसा अधिकारच नव्हता, असे सांगून वॉरन हेस्टिंग्जने तह झुगारला आणि युद्ध आणखी तीन वर्षे चालले.

मग ते थांबले कसे? नाना फडणिसांनी हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची एकजूट मांडली. भोसले आणि निजाम तीत टिकले नाहीत. पण १७८० मध्ये हैदर कर्नाटकात उतरला आणि एप्रिल १७८१ मध्ये जनरल गोडार्डला बोरघाटातून माघार घ्यावी लागली. तेव्हा हेस्टिंग्जलाच तह हवासा झाला. महादजी शिंदे मध्यस्थ झाले आणि १७ मे १७८२ रोजी सालबाईस तह ठरला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत मिळाली, राघोबांचा पाठिंबा सुटला. हैदर मात्र एकाकी पडला. ही किंमतही नाकारून चालणार नाही.

वडगावचा तह एकतर्फी होता, तो काही महिनेही टिकला नाही. सालबाईचा देवघेवीचा होता, महादजी उभयपक्षांस जामीन होते. त्याने सुमारे वीस वर्षे शांतता राखली. दबाव शत्रूला बोलणी करावयास लावतो. तह टिकविण्याचे काम त्याच्याने होत नाही. म्हणून आज कोठेही युद्धबंदीची वार्ता आली, की हर्ष मानण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: सही करणारास अधिकार आहे काय? दोन्ही पक्षांच्या पदरात काही पडले काय? आणि जामीन कोण?