बुर्गोन्यच्या हिरव्या वाटेने

फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पॅरिस उभे राहते. आयफेल मनोरा, लूव्र संग्रहालय, सेन नदीचा काठ! ह्यापलीकडेही फ्रान्स आहे आणि तो बराच मोठा आहे, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. त्या देशात सुमारे ३५,००० ग्रामपालिका आहेत. त्यांना तिकडे ‘कोम्यून’ म्हणतात. त्यांतील बहुसंख्य कोम्यूनांची वस्ती हजाराच्या आतच आहे. फ्रेंच हा माझा ऐच्छिक विषय. भाषेच्या सरावासाठी एका उन्हाळ्यात बुर्गोन्य प्रांताच्या दक्षिण भागात काही आठवडे राहण्याची संधी मला मिळाली आणि हा खेड्यांचा फ्रान्स मी सायकलवरून पाहिला. मात्र प्रस्तुत लेख म्हणजे प्रवासवर्णन नव्हे. हजार वर्षांपूर्वीची एखादी वास्तू टिकते कशी आणि नाहीशी होते कशी, हा प्रश्न त्या फिरण्यात माझ्या मनात आला. त्याचे जे उत्तर मला सापडले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच हेतू आहे.

प्रथम वाटेविषयी. माकों, क्लुनी आणि शालों ह्या गावांना जोडणारा एक लोहमार्ग एकोणिसाव्या शतकात घातला गेला होता. मोटारी वाढल्या, प्रवासी घटले आणि गाड्या बंद पडल्या. रूळ उखडले गेले. उरला तो नुसता भराव. १९९७ साली जिव्री ते क्लुनी ह्या ४४ किलोमीटरच्या भरावावर डांबर घालून तो सायकलस्वारांसाठी व पादचाऱ्यांसाठी खुला करण्यात आला. अशा मार्गाला तिकडे ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे ‘हिरवी वाट’ म्हणतात, आणि फ्रान्समधील ही पहिली हिरवी वाट समजली जाते. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे तिची वाट आखणाऱ्यांनी डोंगराला वळसे घातले, जिथे वळसा शक्य नव्हता तिथे बोगदा खणला. त्यांनी आगगाडीसाठी केलेले हे श्रम आज सायकलस्वाराच्या पायांना विसावा देतात! क्लुनीच्या दक्षिणेला असलेला ब्वा-क्लेर बोगदा तर सुमारे १.६ किलोमीटर लांबीचा आहे. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण त्या काळात तेथे वटवाघळे शीतनिद्रा घेतात. वटवाघळांसाठी माणसांनी दुसऱ्या रस्त्याने जावे, ही कल्पनाच मला मोठी गमतीची वाटली.

सायकलवरून देश पाहण्याची आवड फ्रेंच माणसाच्या अंगात मुरलेली आहे. ‘तूर द फ्रांस’ ही शर्यत १९०३ साली सुरू झाली, हे आपणांस ठाऊक असते. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने १९३६ हे साल अधिक महत्त्वाचे. त्या वर्षी लिओं ब्लूम ह्यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला आणि आयुष्यात प्रथमच सुट्टी उपभोगणारी हजारो कुटुंबे सायकलींवर सामान लादून बाहेर पडली.

ह्या वाटेवरील सर्वांत प्रसिद्ध गाव क्लुनी. इ. स. ९१० मध्ये अक्वितेनचा ड्यूक गियोम ह्याने येथे बेनेडिक्टाईन मठ स्थापन केला आणि त्याला स्थानिक सरदारांच्या सत्तेतून मुक्त करून पोपच्या छत्राखाली ठेवले. पुढे युरोपभरचे शेकडो मठ क्लुनीच्या आज्ञेत आले. १०८८ साली मठाधिपती ह्यूग ह्यांनी जे नवे चर्च बांधावयास घेतले, ते पूर्ण झाल्यावर सुमारे १८७ मीटर लांबीचे झाले. रोमचे आजचे सेंट पीटर्स चर्च उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे चर्च नव्हते.

हे भव्य चर्च पाहावे म्हणून आपण उत्सुकतेने क्लुनीत शिरतो आणि थक्क होतो. ते चर्च तेथे नाहीच! एक अष्टकोनी मनोरा, एका बाजूची भुजा, काही खांबांचे तळ, एवढेच उरले आहे. मूळ वास्तूचा दहावा भागही शिल्लक नाही. भूकंपाने अथवा शत्रूच्या तोफांनी हे घडलेले नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७८९ साली, चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली. साधूंना मठ सोडावा लागला आणि १७९८ साली ही वास्तू व्यापाऱ्यांना विकण्यात आली. त्यांनी तिची दगडाची खाण केली. मधोमध रस्ता काढला गेला, दगड गाडीगाडीने विकला गेला आणि पाडापाडीचे हे काम १८२३ पर्यंत रेंगाळत चालले. नेपोलियनच्या काळात तेथे सरकारी अश्वशाळा स्थापन झाली. तिच्या भिंतींतही मठाचेच दगड आहेत. पुढे केनेथ कोनंट ह्या अमेरिकन संशोधकाने १९२८ पासून १९५० पर्यंत उत्खनन करून नाहीशा झालेल्या वास्तूचा आराखडा कागदावर पुन्हा उभा केला. मठाच्या उरलेल्या इमारतींत आज अभियांत्रिकीचे विद्यार्थी शिकतात.

आता ह्याच्या उलट उदाहरण पाहा. क्लुनीहून उत्तरेस सुमारे दहा किलोमीटरवर तेझे हे खेडे लागते. १९४० मध्ये ब्रदर रोजे येथे आले आणि त्यांनी स्थापलेल्या प्रार्थनासंघामुळे जगभरचे तरुण आजही येथे जमतात. तेथून पुढे कोरमातें. येथे हिरवी वाट सोडून पूर्वेला वळले की पाच-सहा किलोमीटरवर शापेझ येते. गावाची वस्ती दोनशेहूनही कमी. मात्र गावाच्या मधोमध अकराव्या शतकातील सेंट मार्टिनचे चर्च आणि त्याचा सुमारे ३५ मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. आपल्या अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे. म्हणजे ही दोन बांधकामे साधारण एकाच शतकातली.

ह्या शैलीला ‘रोमानेस्क’ म्हणतात. तिचे मर्म समजावून घेण्यास शापेझसारखे ठिकाण नाही. त्यापूर्वीच्या अनेक चर्चांवर लाकडी छप्पर असे आणि ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडे. म्हणून गवंड्यांनी दगडी कमानीचे छत घालावयास सुरुवात केली. परंतु कमान केवळ खाली भार देत नाही, ती भिंतींना बाहेरही रेटते. हा रेटा सोसण्यासाठी भिंती जाड हव्यात, खांब लठ्ठ हवेत, आणि खिडक्या लहान हव्यात. रोमानेस्क चर्चमधला तो गंभीर अंधार असा ह्या गणितातून आलेला आहे. शापेझचे मूळ अर्धवर्तुळाकार छत कोसळले आणि बाराव्या शतकात तेथे टोकदार कमानीचे छत घातले गेले; कारण टोकदार कमानीचा बाहेरचा रेटा कमी असतो. आत उभे राहिले की बाहेरच्या बाजूला कललेले खांब नुसत्या डोळ्यांना दिसतात. जणू गवंड्यांनी सोडवलेले उदाहरण, खाडाखोडीसकट, आपल्यासमोर उघडे पडले आहे!

आणखी पाच-सहा किलोमीटर चढ चढून गेल्यावर ब्रांसिओं लागते. टेकडीवरचे हे लहानसे गाव म्हणजे मध्ययुगाचा एक तुकडाच. मोटारी गावाबाहेर ठेवाव्या लागतात. एका टोकाला किल्ला, दुसऱ्या टोकाला बाराव्या शतकातील सेंट पीटरचे चर्च, मध्ये पंधराव्या शतकातील लाकडी खांबांचा बाजारमंडप. येथील सरदार जोसराँ १२५० साली नवव्या लुईबरोबर क्रूसेडमध्ये इजिप्तमध्ये पडला. घराणे कर्जबाजारी झाले आणि १२५९ मध्ये किल्ला बुर्गोन्यच्या ड्यूकला विकला गेला. किल्ल्याची पडझड झाली. चर्च मात्र शाबूत आहे आणि त्यात चौदाव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. बोगद्यापलीकडच्या बेर्झे-ला-व्हिल येथील छोट्या प्रार्थनामंदिरात तर बाराव्या शतकातील ख्रिस्ताचे भव्य चित्र चुन्याच्या थराखाली दडलेले होते, ते १८८७ मध्ये सापडले. चुना फासणाऱ्यांनी नकळत त्याचे रक्षणच केले म्हणायचे!

मग क्लुनी का गेले आणि शापेझ का राहिले? मला वाटते, क्लुनीचे चर्च साधूंचे होते. साधू गेले तेव्हा एवढ्या प्रचंड वास्तूचे करायचे काय, हे कोणालाच उमगले नाही. खेड्यातले चर्च मात्र गावकऱ्यांचे होते. बारसे, लग्न, मयत सारे तेथेच. आपल्याच घंटेचे दगड कोण विकणार? लोहमार्गाचेही तसेच. आगगाडी गेली, पण भरावाला नवे काम मिळाले म्हणून तो राहिला. केवळ जुनेपणावर कोणतीच वस्तू टिकत नाही; तिचा कोणाला तरी उपयोग असावा लागतो.

ह्याच कारणाने आजची स्थिती काळजी वाटण्यासारखी आहे. १९०५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये धर्मसंस्था आणि राज्य विभक्त झाले आणि गावोगावची जुनी चर्चे कोम्यूनच्या मालकीची झाली. म्हणजे हजार वर्षांचे छप्पर गळू लागले की काळजी दोनशे वस्तीच्या गावाने करायची. राष्ट्रीय स्मारकांच्या यादीत असलेल्या वास्तूंना सरकारी मदत मिळते. यादीबाहेरच्या असंख्य चर्चांचे हाल अधिक. २०१८ पासून तर जुन्या वास्तूंच्या डागडुजीसाठी खास लॉटरी काढली जाते. तरुण मंडळी शहरांकडे गेली आहेत आणि कित्येक चर्चांत रविवारची प्रार्थनाही नियमित होत नाही.

एका खेड्यात चर्चला कुलूप होते. दारावर चिठ्ठी होती : किल्ली समोरच्या घरी मिळेल. दार ठोठावले तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या एक मादाम हात पुसत बाहेर आल्या आणि स्वतः बरोबर येऊन त्यांनी चर्च उघडले. ‘‘तुमच्यानंतर किल्ली कोणाकडे?’’ असे मी विचारले. त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाल्या, ‘‘सध्या तरी मी आहे.’’ मग त्यांनी मला घंटेची दोरी दाखवली, कोठे ओल आली आहे ते दाखवले आणि छताची एक फरशी सरकली आहे, हे नगराध्यक्षांना सांगून झाल्याचेही सांगितले.

वाचकांपैकी कोणी पुढेमागे फ्रान्सला गेलेच, तर पॅरिस अवश्य पाहावे. पण दोन दिवस राखून ठेवावेत, क्लुनीच्या जुन्या स्थानकाजवळ भाड्याची सायकल घ्यावी आणि उत्तरेच्या वाटेला लागावे. आणि तेवढे जमेपर्यंत आपल्या गावच्या जुन्या देवळाची किल्ली कोणाकडे असते, एवढी चौकशी करून ठेवायला हरकत नाही.