मैफलीची मिळकत आणि विद्यालयाचे कर्ज

कलावंताच्या कारकिर्दीचे मोजमाप सामान्यतः त्याच्या मैफलींवरून केले जाते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या बाबतीत ही रीत अपुरी पडते. कारण मैफलीत मिळवावे आणि विद्यालयात खर्चावे, हाच त्यांचा आयुष्यभराचा जमाखर्च होता.

१८७२ साली कुरुंदवाड येथे जन्मलेल्या विष्णुबुवांची दृष्टी बालपणीच दारूकामाच्या अपघाताने अधू झाली. मिरज संस्थानच्या आश्रयाने त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेर गायकीची तालीम मिळाली. पुढे दरबारी गवयाचे सुस्थिर जीवन त्यांना लाभू शकले असते. परंतु समाज गाण्याला मान देतो आणि गवयाला आश्रित समजतो, ही विसंगती त्यांना सलत होती. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडले, तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांवर भिस्त ठेवली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९०८ मध्ये मुंबईतही विद्यालय सुरू झाले.

क्रमवार अभ्यासक्रम, स्वरलिपी आणि छापील पुस्तके यांमुळे घराण्याच्या उंबरठ्याआड राहिलेली विद्या मध्यमवर्गीय मुलामुलींपर्यंत पोहोचली. वर्गातील तासिकेने मैफलीचा गवयी घडत नाही, हा आक्षेप खराच आहे. म्हणूनच निवडक शिष्यांना त्यांनी विद्यालयातच ठेवून घेऊन वर्षानुवर्षे शिकविले. वर्गांतून मात्र जाणते श्रोते निर्माण झाले, आणि जाणता श्रोता नसेल तर उत्तम गायकालाही ग्राहक नसतो. मागणी आणि पुरवठा या दोहोंची तरतूद त्यांनी एकाच छपराखाली केली होती.

तथापि ते छप्पर महाग पडले. मुंबईतील इमारतीसाठी काढलेले कर्ज विद्यार्थ्यांच्या शुल्कातून फिटणे शक्य नव्हते. दौरे आणि जलसे करूनही तूट भरून निघाली नाही. अखेर १९२४ मध्ये ती इमारत लिलावात गेली. विष्णुबुवा नाशिकला रामभक्तीत रमले आणि १९३१ साली मिरजेत निवर्तले.

व्यवहारी मनुष्य याला दिवाळखोरी म्हणेल. परंतु जप्ती विटांवर येते, विद्येवर येत नाही. त्याच १९३१ साली शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा आजही चालू आहेत. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीतशिक्षणाची धुरा वाहिली. आणि वडील गेले तेव्हा अवघ्या दहा वर्षांच्या असलेल्या दत्तात्रेय विष्णु पलुसकरांना ती गायकी मिळाली, ती विनायकबुवा आणि नारायणराव व्यास या पित्याच्याच शिष्यांकडून. पित्याने इतरांच्या मुलांवर केलेला खर्च असा स्वतःच्या मुलाच्या गळ्यात परत आला.

मात्र या सुखद शेवटाने समाजाची जबाबदारी संपत नाही. संगीत महोत्सवाला पुरस्कर्ता मिळतो, कारण त्याचे फळ एका रात्रीत दिसते; शिक्षणाचे फळ दिसण्यास वीस वर्षे लागतात. त्या वीस वर्षांचा भार गायकाने एकट्याने, आपल्या मैफलींच्या बिदागीतून उचलावा अशी अपेक्षा करणे हा शुद्ध अन्याय आहे. विष्णुबुवांची इमारत वाचविण्यास तेव्हा कोणी पुढे आले नाही. आजच्या गुरूंच्या बाबतीत तरी तसे होऊ नये, याची काळजी संगीताच्या रसिकांनीच घ्यावयाची आहे.