कानावर पडलेलं, हाताला सापडलेलं

भजनी मंडळात पेटी धरणारे, नोकरी सांभाळून संध्याकाळी तबल्यावर बसणारे, कॉलेजच्या वयात कवितेला चाल लावणारे आणि पुढे आयुष्यभर घरच्यांसाठी गात राहणारे हौशी कलाकार महाराष्ट्रात गावोगावी आहेत. संगीताच्या इतिहासात त्यांची नोंद क्वचितच होते. त्यांना कोणाकडे शिकलात असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर असतं, "ऐकून ऐकून आलं." त्यांनी काय ऐकलं आणि त्यांच्या हातून ते कोणत्या रूपात बाहेर पडलं, याचा हा मागोवा आहे. यातून मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रभाव कानातून आत येतो, पण त्याला वळण मिळतं ते हाताशी असलेल्या साधनाचं.

सुरुवात जात्यापासून करायला हवी. महाराष्ट्रात सर्वांत जास्त गाणी रचली ती पहाटे दळण दळणाऱ्या बायकांनी. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, यावरून या रचनेचा आवाका कळतो. आईची, आत्याची, सासूची ओवी कानावर असे आणि तिच्यात आपलं सुखदुःख घालून नवी ओवी तयार होई. लय ठरवायचं जातं. खुंटा ओढताना लागणारा जोर आणि श्वास यांच्या मापानेच ओळ लांबे किंवा आखूड होई. पिठाच्या गिरण्या आल्या तेव्हा बायकांच्या हातांचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबली. कान शाबूत होते आणि आठवणही होती. साधन तेवढं गेलं होतं.

शहरी मध्यमवर्गाच्या कानावरचा पहिला मोठा संस्कार संगीत नाटकाचा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. त्यातल्या साक्या, दिंड्या कीर्तनामुळे लोकांच्या ओळखीच्या होत्या, म्हणूनच त्या नाट्यगृहातून थेट घरी गेल्या. पुढे १९११ च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली वापरल्या आणि सांगली-कोल्हापूरकडचा माणूसही पूरब अंगाचा लडिवाळपणा गुणगुणू लागला. टेंबे स्वतः पेटीवर बऱ्याच अंशी आपल्याआपणच तयार झाले होते. हौशी वादकाला यापेक्षा मोठा दिलासा कोणता?

नाटकाने लोकांना चाली दिल्या, तशी घराघरांत पेटीही पोचवली. पेटी शिकायला सोपी. कोणत्याही सुरावर बोट ठेवा, तो तयार मिळतो. पण दोन सुरांच्या मधली वाट तिच्यावर नाही, त्यामुळे मींड निघत नाही. बालगंधर्वांची लांब सुरावट पेटीवर काढताना हौशी वादक खटके, मुरक्या आणि जलद तुकडे यांनी ती जागा भरून काढत. पुढे स्वतःची चाल बांधतानाही तेच तुकडे आधी बोटांत येत. हेच उणेपण दाखवून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती कित्येक वर्षं टिकली. घरोघरच्या बैठकींत मात्र पेटी वाजतच राहिली. ज्या साधनाला शास्त्राने कमी लेखलं, त्यावरच महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांचा सूर पक्का झाला.

तबकडी आली तेव्हा गाण्याची लांबीही बदलली. १९३२ च्या सुमारास जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची कविता गायली, ती तबकडी घरोघर गेली आणि भावगीत नावाचा प्रकार रुजला. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मध्ये थोडी सुरावट, असा आराखडा त्या मर्यादेतून पक्का झाला. ज्यांना कधी ध्वनिमुद्रण करायचंच नव्हतं, तेही त्याच मापाने चाली बांधू लागले. गजाननराव वाटव्यांच्या काव्यगायनाने तर अनेक तरुणांना वाटलं की आवडती कविता घ्यावी, पेटी पुढे ओढावी आणि आपणही गावं.

१ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायण सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली. नव्या गीताचे शब्द वर्तमानपत्रांत छापून येत, चाल मात्र कानानेच टिपावी लागे. माझ्या मते मराठी हौशी गायकांची एवढी मोठी शाळा दुसरी भरली नाही. आठवडाभर एकच गीत घोळवायचं, तेवढ्यात दुसरं येणार. भूप, भीमपलास, जोगिया या रागांची नावं ठाऊक नसलेल्या माणसांच्या गळ्यात ते राग जाऊन बसले. शब्द स्पष्ट उच्चारायचे, अर्थाच्या ठिकाणी थांबायचं, तान शब्दावर चढू द्यायची नाही, ही शिस्त त्यांनी फडक्यांकडूनच उचलली. संगीतकार यशवंत देवांनी पुढे 'शब्दप्रधान गायकी' या पुस्तकातून मांडलेला विचार हौशी गायक तोवर अंगी बाणवत होते.

त्याच दशकात दुसरा प्रवाह सिनेमाचा होता. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. या गाण्यांबरोबर आणखी एक गोष्ट घरात आली, ती म्हणजे वाद्यमेळ. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन शिकलेले वादक आणि संयोजक मुंबईच्या स्टुडिओंत काम करत होते. अँथनी गोन्साल्विस आणि सबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली मोठी नावं. त्यांनी व्हायोलिनच्या ताफ्यासाठी लिहिलेले म्युझिक पीस गल्लीतले पेटीवाले जसेच्या तसे बोटांवर बसवत. एका गाण्यात दोन सुरावटी एकमेकींना उत्तर देऊ शकतात, हे त्यांना नोटेशनचं एक पानही न वाचता उमगलं. गावच्या ऑर्केस्ट्रातला पेटीवाला अशा रीतीने पाश्चात्त्य संगीतापर्यंत पोचला.

गाणं रचण्याच्या दोन वाटा या काळात ठळक दिसतात. भजनात शब्द ठरलेले आणि चाल मोकळी. तुकोबांचा अभंग तोच, पण बुवागणिक चाल वेगळी. कोकणातल्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, तर नव्या चालीवरच बुवाचं नाव होतं. आंबेडकरी जलशात आणि भीमगीतांत याच्या उलट घडलं. चाल अनेकदा ओळखीची, लोकगीताची, कव्वालीची नाहीतर सिनेमाची, आणि शब्द संपूर्ण नवे. वामनदादा कर्डकांसारख्या कवीने मोठेपणी अक्षरओळख करून घेतली आणि हजारो गीतं लिहिली. वस्तीतल्या हौशी गायकाला चाल आधीच येत असल्यामुळे नवं गाणं एका रात्रीत लोकांच्या ओठी जाई. उसनी चाल म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की विचार पोचवायची घाई असते तेव्हा ओळखीची चाल हेच सर्वांत वेगवान वाहन असतं.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. गाणं थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकता येऊ लागलं आणि नकलेची अचूकता वाढली. मागोमाग कॅसिओचा कीबोर्ड आला. बटण दाबलं की ठेका तयार, डाव्या हाताला कॉर्ड तयार. एकट्या माणसाला पूर्ण गाण्याचा भास मिळाला, पण त्या बटणांतले बहुतेक ठेके चार किंवा तीनच्या हिशेबाचे होते. रूपक, झपतालातल्या चाली हौशी रचनांतून मागे पडण्यात याचा वाटा मोठा आहे. गिटारचंही तसंच. चाल कॉर्डवर विसावू लागली, त्याने तिला नवा भरीवपणा आला. तोडी किंवा मारव्याच्या अंगाने जाणारी सुरावट मात्र गिटारवर हात ठेवून बसणाऱ्याला सहसा सुचत नाही.

२००३ मध्ये संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम सुरू झाला. एक इंजिनिअर, एक डॉक्टर. आपली कविता, आपली चाल, आपणच मंचावर. त्यानंतर कॉलेजात स्वतःची गाणी करणारी मुलं वाढली, कारण हे आपल्याला जमेल असा धीर त्यांना आला. २०१६ च्या 'सैराट' चित्रपटात औपचारिक शिक्षण न घेतलेल्या अजय-अतुल यांनी परदेशी सिंफनी ऑर्केस्ट्राला मराठी मातीतल्या चाली वाजवायला लावल्या. हलगी आणि व्हायोलिनचा ताफा एकत्र नांदू शकतो, हे तेव्हापासून खेड्यातल्या मुलालाही शिकवावं लागत नाही.

आज कानावर सगळं जग पडतं, आणि हाताशी आहे तो फोन. हौशी गायक तयार साथीच्या ट्रॅकवर गातो. पट्टी ट्रॅकने ठरवलेली, लयही त्याचीच, समेवर थोडं रेंगाळायची सोय नाही. घरी एकट्याने सराव करायला ट्रॅक चांगलाच आहे. पण मागोवा घेताना एक नुकसान स्पष्ट दिसतं. आजवरच्या बहुतेक साधनांभोवती माणसं जमत होती. जात्यावर समोर दुसरी बाई असे, पेटीशेजारी तबला असे, भजनात टाळकरी असत. शेजारच्याने ऐनवेळी घेतलेली जागा हा हौशी कलाकारावरचा सर्वांत जिवंत प्रभाव होता. ट्रॅक आपलं ऐकून काहीही बदलत नाही, म्हणून तो आपल्यालाही बदलू शकत नाही.

म्हणून हौशी मित्रांना माझी विनंती आहे. भरपूर ऐका, पण महिनाभर एकच गाणं घोळवायची सवय पुन्हा लावा. घरात पेटी पडून असेल तर दुरुस्त करून घ्या आणि आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्या कोणाबरोबर बसून वाजवा. जवळच्या भजनी मंडळात नवा टाळकरी कोणी नाकारत नाही, तिथे जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला येत असलेली ओवी, आरती, नाट्यपद तोंडपाठ करून ठेवा. तुमच्या पुढच्या चालीचा धागा बहुधा तिथेच सापडेल.