जर्दाळू पथ्याचे की कुपथ्याचे?

गेल्या उन्हाळ्यात बाबा पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडला आले. मधुमेह जुना, त्यात मूत्रपिंडे थोडी थकलेली. चहाबरोबरची बिस्किटे बंद करून मी त्यांच्यासमोर जर्दाळूंची वाटी ठेवली. पाकिटावर 'साखर घातलेली नाही' असे होते. मला तेवढे पुरे वाटले. महिन्याभराने रक्त तपासले तर पोटॅशिअम 5.8. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मधल्या वेळेत काय खातात?"

फळ वाळवले की पाणी जाते आणि क जीवनसत्त्वही बरेचसे जाते, पण साखर, तंतू आणि खनिजे तिथेच राहतात. 100 ग्रॅम ताज्या जर्दाळूत सुमारे 260 मिलिग्रॅम पोटॅशिअम असते, तर तेवढ्याच सुक्या जर्दाळूत सुमारे 1160. एक सुका जर्दाळू साधारण 8 ग्रॅमचा. बाबा गप्पा मारताना सहज दहा-बारा संपवत, म्हणजे जवळजवळ 1000 मिलिग्रॅम. निरोगी मूत्रपिंडे जास्तीचे पोटॅशिअम लघवीतून बाहेर टाकतात. थकलेल्यांना ते जमत नाही आणि रक्तातले प्रमाण फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय रक्तदाबासाठी दिली जाणारी रामिप्रिलसारखी गोळीही पोटॅशिअम वाढवू शकते. बाबा नेमकी तीच घेत होते.

साखरेचे गणितही असेच. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम मनुका होण्यासाठी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास द्राक्षे लागतात. तेवढी द्राक्षे खायला वेळ लागतो. मूठ मात्र दोन घासांत संपते. मनुकांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, वरून न घालताही. म्हणूनच इथल्या एनएचएसच्या हिशेबात फळाचा एक वाटा ताज्या फळाचा 80 ग्रॅम, पण सुक्याचा फक्त 30 ग्रॅम. तोही जेवणासोबत खा, असा सल्ला आहे, कारण चिकट साखर दातांत बसते.

मग पोटॅशिअम कमी असलेले सुके फळ कोणते? क्रॅनबेरी. पण ती इतकी आंबट, की साखरेच्या पाकात मुरवूनच सुकवतात. 100 ग्रॅममध्ये साखर 70 ग्रॅमच्या वर! मूत्रपिंडांना चालते ते मधुमेहाला चालत नाही. दोन्ही पथ्ये एकाच माणसाला असली की स्वयंपाकघरात डोके खाजवायची वेळ येते.

दम्याच्या रुग्णांनी रंगाकडे पाहावे. केशरी, टवटवीत जर्दाळूचा रंग सल्फर डायऑक्साइडने टिकवलेला असतो. काहींना त्याने धाप लागते. काळपट तपकिरी जर्दाळू बहुधा विनागंधकाचे असतात. सांगली-तासगावकडचे पिवळेधमक बेदाणेही गंधकाची धुरी दिलेले असू शकतात, त्यामुळे गावाहून आलेल्या पुडीबद्दल विचारून घ्यावे. इथल्या पाकिटावर सल्फाइट किलोला 10 मिलिग्रॅमहून जास्त असेल तर लिहावेच लागते. सिलिअ‍ॅकवाल्यांनी खजुराच्या तुकड्यांचे पाकीट उलटून वाचावे: तुकडे चिकटू नयेत म्हणून पीठ लावतात, कधी तांदळाचे, कधी ओटचे. अख्खा खजूर घेतला की हा प्रश्नच मिटतो.

बद्धकोष्ठाला मात्र प्रून खरोखर उपयोगी: तंतू आणि सॉर्बिटॉल दोन्ही असतात. पण आतडी नाजूक असतील तर हेच सॉर्बिटॉल पोट फुगवते.

बाबांचे जर्दाळू बंद झाले, गोळीचा डोस बदलला. पुढच्या तपासणीत आकडा 4.9 वर आला. आता वाटीत सफरचंदाच्या फोडी असतात. परवा पुण्याहून फोनवर विचारत होते, "दिवाळीच्या शिऱ्यात बेदाणे घातले तर चालतील ना?" मी म्हटले, "चार-पाच चालतील, मोजून घाला."