मोटेलांची चित्रपोस्टकार्डे : एका ऐतिहासिक साधनाची पारख

अमेरिकेतील रस्त्याकाठच्या उपाहारगृहांचा व मोटेलांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास जुन्या चित्रपोस्टकार्डांवाचून गत्यंतर नसते. ‘मोटर’ व ‘हॉटेल’ जोडून झालेले नाव १९२५ साली कॅलिफोर्नियातील सान लुइस ओबिस्पो येथील ‘माइलस्टोन मो-टेल’ने धारण केले. १९५६ च्या कायद्यान्वये आंतरराज्य महामार्ग झाले, वाहतूक जुन्या रस्त्यांवरून हटली आणि असली कित्येक स्थळे ओस पडली. मागे उरली ती कार्डे. बहुधा मालकांनीच जाहिरातीसाठी छापवून घेतलेली.

छपाईच्या कालनिर्णयापुरते हे साधन भरवशाचे आहे. शिकागोच्या कर्ट टाइख कंपनीच्या क्रमांकांत ‘ए’ म्हणजे १९३० चे व ‘बी’ म्हणजे १९४० चे दशक. तेव्हा ‘५ए’ म्हणजे १९३५. चित्राविषयी मात्र सावध असावे. मूळ छायाचित्र कृष्णधवल असे. रंग छापखान्यातील कारागीर भरीत, आणि गिऱ्हाइकाच्या सूचनेबरहुकूम विजेचे खांब व तारा पुसून टाकीत. कंपनीची ही कागदपत्रे आता शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहेत. कार्ड त्यांच्याशी ताडून पाहणे शक्य आहे.

ह्याहून मोठी उणीव मात्र त्या कागदपत्रांनीही भरून निघत नाही. दारातून कोणास परत पाठविले जाई, हे कार्ड सांगत नाही. कृष्णवर्णीय प्रवाशांस कोठे थारा मिळेल हे कळावे म्हणून व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका काढली. असा भेदभाव बेकायदा ठरला तो १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. एखाद्या गावाची कार्डे हाती येताच त्या वर्षाच्या मार्गदर्शिकेत ते गाव शोधावे. पुष्कळ गावांची तेथे नोंदच नाही.