वेबसाइटवर काय मांडावे, काय राखून ठेवावे

मालेगाव असो की भिवंडी, कारखानेदाराचा मुलगा कॉलेज करून घरी आला की पेढीची वेबसाइट काढू म्हणून मागे लागतो. आमच्याकडेही तसेच झाले. 2019 साली वेबसाइट निघाली. ती बनविणाऱ्या तरुणाने विचारले, "चाचा, यात टाकायचे काय?" आम्ही म्हणालो, "तुम्हाला चांगले दिसेल ते टाका." हे उत्तर आम्हाला महागात पडले.

पहिल्या पानावर एका प्रशस्त शेडचे छायाचित्र आले. रॅपियर माग ओळीने उभे, फरशीवर कापसाचा एक तंतू नाही. चित्र कोठून तरी उतरवून घेतलेले. आमचे माग साधे, धोट्याचे. चित्राखाली दादाजानांपासूनचा खानदानी इतिहास आणि दर्जा, विश्वास, परंपरा असे भारदस्त शब्द. काही महिन्यांनी दक्षिणेतले एक व्यापारी ती वेबसाइट पाहून थेट आमच्याकडे आले. चहा झाल्यावर म्हणाले, "ती शेड पाहू या." आम्ही आमची शेड दाखविली. कापड त्यांनी हाताळले, नाव ठेवले नाही. एवढेच विचारले, "मग ते चित्र कोणाचे?" आम्हाला उत्तर देता आले नाही. सौदा न करताच ते गेले. साध्या मागावरचे कापड घेणारे गिऱ्हाईक बाजारात भरपूर आहे. आम्ही जे आहोत तेच दाखविले असते तर कदाचित तेच गृहस्थ ताके बांधून घेऊन गेले असते.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाचा जरा बारकाईने विचार करू लागलो. दुकानात गिऱ्हाईक काय करते? कापड दोन बोटांत चोळते, ताणून पाहते, उजेडासमोर धरते. जुना जाणकार असेल तर किनारीचा एक धागा काढून जाळतो. कागदासारखा वास येऊन राख झाली तर सूत, वितळून मणी झाला तर पॉलिएस्टर. वेबसाइटवर गिऱ्हाइकाला हात नसतो. त्या हाताचे काम जो मजकूर करील तो आधी टाकावा, बाकीचे मागाहून.

आता हा मजकूर कोणता, हे घेणारा कोण यावर ठरते. आमचे ग्रे कापड घाऊक जाते. तेथे सुंदर छायाचित्रांना फारशी किंमत नाही, आकड्यांना आहे. "60 बाय 60, 92 बाय 88, पन्ना 63 इंच" एवढे लिहिले की जाणत्या खरेदीदाराच्या डोळ्यांसमोर कॅम्ब्रिक उभे राहते. पहिली जोडी उभ्या व आडव्या सुताच्या काउंटची, दुसरी एका इंचात किती उभे आणि किती आडवे धागे बसले त्याची. सोबत ताक्याची लांबी, एका ताक्यात किती तुकडे चालतील, कमीत कमी किती माल द्याल आणि ट्रान्सपोर्टचे भाडे कोणाकडे, हे लिहावे. घाऊक भाव मात्र सुताच्या भावाबरोबर हलतो, म्हणून तो टाकायचाच असेल तर तारखेसह टाकावा. महिन्यापूर्वीचा भाव दाखवून कोणी हुज्जत घातली तर दोष त्याचा नसतो.

वजन लिहायला प्रयोगशाळा लागते असा पुष्कळांचा समज आहे. दहा सेंटिमीटर लांब व दहा रुंद असा तुकडा नेमका कापा, सोनाराच्या काट्यावर ग्रॅममध्ये तोला आणि शंभराने गुणा. चौरस मीटरचे वजन मिळाले. आटण्याचेही तसेच. कापडावर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या शाईने आखा, धुऊन वाळवा, पुन्हा मोजा. साडेसत्तेचाळीस भरला तर पाच टक्के आटले. हा आकडा पुष्कळ व्यापारी लिहीत नाहीत, गिऱ्हाईक बिथरेल म्हणतात. आमचा अनुभव उलट आहे. शिवून झाल्यावर आटलेला कुर्ता परत येतो आणि त्याबरोबर गिऱ्हाईकही जाते. आधी सांगितलेले आटणे शिंपी हिशेबात धरतो. मालातला ऐब सांगून विकावा हे आपल्याला लहानपणापासून शिकविले आहे, मग काचेआड बसल्यावर ते का विसरावे?

किरकोळ विक्रीत छायाचित्रे लागतात, पण ती नटलेल्या मॉडेलचीच पाहिजेत असे नाही. साडी किंवा दुपट्टा असेल तर पूर्ण पसरलेला, मग पदर, किनार, उलटी बाजू आणि विणीचा अगदी जवळून घेतलेला फोटो. बुट्टीशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले की आकार कळतो. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढावा. ट्यूबलाइटखाली गुलाबी रंग भलताच होतो. तरीही प्रत्येकाच्या मोबाइलवर रंग वेगळा दिसतो, म्हणून रंगाचे नाव दुकानात सांगतो तसेच लिहावे: मोरपंखी, आबोली, कैरी, डाळिंबी. नुसते 'हिरवा' लिहून भागत नाही. कापडाची पडण दाखवायला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुरतो.

जरदोजी किंवा आरीचे काम करणाऱ्या कारागिरांची गोष्ट निराळी. त्यांनी हाताचा, सुईचा व्हिडिओ अवश्य टाकावा आणि एक नग पुरा व्हायला किती दिवस लागतात हे लिहावे, नाहीतर गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी फोन करते. औरंगाबादी हिमरू विकणाऱ्याने त्या कलेचा इतिहासही सांगावा, कारण घेणारा त्या इतिहासाचेही पैसे देतो. आमच्या कॅम्ब्रिकच्या खरेदीदाराला मात्र आमच्या दादाजानांशी काही कर्तव्य नव्हते.

शब्दांच्या बाबतीत एक धोका आहे. 'हातमाग' हा शब्द लिहिला की माल महाग जातो, म्हणून यंत्रमागाच्या मालाखालीही तो बिनदिक्कत लिहिला जातो. 1985 च्या कायद्याने काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखीव आहे आणि ते यंत्रमागावर काढणे हाच गुन्हा आहे. खऱ्या हातमागाच्या मालाला 2006 पासून हँडलूम मार्क मिळतो. तो असेल तर जरूर दाखवावा. पैठणी आणि सोलापुरी चादर या नावांना भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा 'पैठणीसारखी' म्हणून खपविण्याच्या भानगडीत पडू नये. आपले कापड यंत्रमागाचे असेल तर तसे लिहिण्यात लाज कसली? देशातले बहुतेक लोक तेच नेसतात.

वेबसाइटवरून थेट ग्राहकाला विकत असाल तर काही मजकूर कायद्यानेच ठरवून दिला आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे पेढीचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क, सर्व करांसह एकूण किंमत एका आकड्यात, माल परत घेण्याच्या व पैसे परत करण्याच्या अटी, कोणत्या देशात बनला ते, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव द्यावे लागते. अधिकारी म्हटल्याने घाबरू नये. लहान दुकानात मालक स्वतःच ते काम करू शकतो, पण तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एक महिन्यात झाले पाहिजे. पाकीटबंद मालाला वजनमापाचे नियम आणखी लागतात, ते आपल्या कर सल्लागाराकडून समजून घ्यावेत.

आता राखून ठेवायच्या गोष्टीकडे येऊ. नवे डिझाइन आले की मुले आधी त्याचा फोटो टाकतात. आठवड्यात तेच डिझाइन शेजारच्या गल्लीत निघते आणि मग भांडणे होतात. चोरी टळेल असा उपाय आमच्याकडे नाही, पण कायद्याची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नक्षीची नोंदणी होते. मुदत दहा वर्षे, पुढे पाच वर्षे वाढते. मात्र अर्ज करण्यापूर्वी ती नक्षी कोठेही प्रसिद्ध झाली असेल तर ती नवी मानली जात नाही आणि नोंदणी मिळत नाही. म्हणजे वेबसाइटवर आपणच टाकलेला फोटो आपल्याच विरुद्ध पुरावा होतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर चोवीस तास ठेवलेला फोटोही त्याच वाटेने जाऊ शकतो. "आमचा कॉपीराइट आहे" असे म्हणूनही भागत नाही. नोंदणीजोगे डिझाइन नोंदविले नाही आणि यंत्राने त्याचे पन्नासपेक्षा जास्त नग काढले की कॉपीराइटही संपतो. ज्या नक्षीवर हंगाम उभा आहे तिचा आधी अर्ज, मग फोटो. दर महिन्याला बदलणाऱ्या फुलापानांसाठी एवढा खर्च करू नये, असे आमचे मत आहे.

भाषेबद्दल थोडेसे. आमचे शिक्षण उर्दूत झाले, म्हणून उर्दू पान हवेच असा आमचा हट्ट होता. इनपेजमध्ये लिहिलेला जुना मजकूर तसाच चिकटविला तर वेबसाइटवर चित्रविचित्र खुणा उमटल्या. मग मुलाने उर्दू मजकुराची चित्रे करून टाकली. ती दिसत होती, पण त्यातले शब्द शोधूनही सापडत नव्हते. शेवटी सगळे युनिकोडमध्ये पुन्हा लिहावे लागले. मराठीतले जुन्या फॉन्टमधले मजकूरही असाच त्रास देतात. ज्या भाषेत गिऱ्हाईक फोनवर बोलते ती भाषा आधी घ्यावी. आमच्याकडे ती हिंदी निघाली, उर्दूचा नंबर तिसरा लागला.

आणि टाकलेले उतरवायलाही शिकावे. आमच्या वेबसाइटवर रमजान ईदच्या शुभेच्छा मोहरमपर्यंत झळकत होत्या.

आता आम्ही गल्ल्यावर एक वही ठेवली आहे. फोनवर गिऱ्हाइकाने जे विचारले ते त्यात उतरवायचे आणि शुक्रवारी माग बंद असतात तेव्हा मुलाने त्यातले उत्तर वेबसाइटवर चढवायचे. परक्या शेडचे चित्र गेले, आमची शेड आली, फरशीवरच्या कापसासकट. गेल्या आठवड्यात वहीत एकच प्रश्न तीनदा आला: पाच मीटरचा तुकडा तोडून मिळेल का? मिळत नाही, आणि तेवढे लिहायचे आमच्याकडून राहून गेले होते.