आठवीतच पोलिसांच्या कामाची ओळख! ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ म्हणजे काय?

शाळेत कॅडेट झालं की पुढे पोलिसात थेट नोकरी मिळते का? नाही. केरळने 2010 मध्ये सुरू केलेली ही योजना केंद्राने 2018 मध्ये देशभर नेली.

कोणासाठी? सरकारी शाळांतल्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी.

काय शिकवतात? रस्ता सुरक्षा, महिला-बालसुरक्षा, व्यसनांपासून दूर राहणं, पोलीस ठाण्याचं काम.

भरतीचं काय? महाराष्ट्रात शिपाई व्हायला बारावी पास लागते. मैदानी चाचणी 50 गुणांची, लेखी 100 गुणांची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावावंच लागतं.

मग फायदा काय? ठाण्याची पायरी चढायची भीती जाते. शिवाय हे काम आपल्याला जमेल का, याचा अंदाज भरतीच्या तयारीत वर्षं घालवण्याआधीच येतो.